उपग्रहातून मोजलेली हवेची उंची आणि आपले विदर्भातले उन्हाळे

वर्धाकाठ

मागे एका धाग्यावर कुणीतरी 'तापमानवाढीमुळे आकाश वर सरकतंय' असं लिहिलं आणि त्याची यथेच्छ टिंगल झाली. वाक्य ढोबळ होतं, पण खोटं नव्हतं. दोन वेगळ्या सीमांची त्यात गल्लत झाली होती, एवढंच. त्या सुट्या करून मांडाव्यात म्हणून हा धागा.

वरची सीमा म्हणजे तपस्तब्धी. शाळेत तपांबर, तपस्तब्धी, स्थितांबर असं घोकलेलं असतं, तीच. ढग, पाऊस, वादळ सगळं तिच्या खाली चालतं. ध्रुवांकडे ती 8-9 किलोमीटरवर असते, आपल्या डोक्यावर साधारण 16-17 किलोमीटरवर.

खालची सीमा म्हणजे जमिनीला लागून असलेल्या थराची वरची कड. या थराला हवामानवाले बाउंड्री लेयर म्हणतात. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर चढते, धूळ, धूर, ओलावा सगळं घुसळून निघतं. ही घुसळण जिथे थांबते ती ही कड. तपस्तब्धी ऋतूनुसार हळूहळू हलते, ही मात्र रोज वरखाली होते. रात्री शंभर-दोनशे मीटर, कधी त्याहूनही कमी. सकाळी आठ-नऊनंतर चढायला लागते आणि दुपारी तीन-चारला सगळ्यात उंच असते. डिसेंबरात दुपारी एक-दीड किलोमीटर, तर मे महिन्यात आपल्या मोकळ्या काळ्या वावरांवर तीन-चार किलोमीटरपर्यंत सहज जाते.

आता हे मोजायचं कसं? जुना मार्ग बलूनचा. नागपूरला सोनेगावहून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेळेला बलून सोडतात, त्याला तापमान आणि आर्द्रता मोजणारी डबी लटकवलेली असते. मोजणी चांगली, पण दिवसातून दोनदाच, आणि नेमकी दुपार चुकते. मेमध्ये साडेपाचला थर अजून बऱ्यापैकी उंच असतो. डिसेंबरात त्या वेळी सूर्य टेकलेला असतो आणि थर बसायला लागलेला असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर फसगत होते.

उपग्रहाचा मार्ग मला फार आवडतो, कारण त्यात चोरून केलेलं काम आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटरवरून रेडिओ लहरी सोडतात, त्या आपल्या मोबाइलला रस्ता दाखवायला. खालच्या कक्षेतला दुसरा एखादा उपग्रह पृथ्वीच्या क्षितिजाआड जाणाऱ्या जीपीएसकडे बघत बसतो. लहर हवेतून आडवी येते आणि वाकते, बादलीतल्या पाण्यात काठी वाकडी दिसते तशी. किती वाकली ते वेळेच्या फरकावरून कळतं, आणि त्यावरून त्या त्या उंचीवरची हवा किती दाट, किती गार, किती ओली हे काढता येतं. याला रेडिओ ऑकल्टेशन म्हणतात. एक-दोन मिनिटांत वरपासून खालपर्यंत हवेची उभी चिरफाड होते. ढग असोत, रात्र असो, फरक पडत नाही.

खालच्या थराची कड यात दिसते, कारण तिथे ओलावा अचानक तुटतो आणि वर कोरडी, थोडी उबदार हवा असते. लहरीचं वाकणं तिथे एकदम बदलतं. तपस्तब्धी तापमानावरून दिसते.

1995 मध्ये जीपीएस-मेट नावाच्या प्रयोगाने हे जमतं हे दाखवलं. 2006 मध्ये तैवान आणि अमेरिकेने कॉस्मिकचे सहा उपग्रह सोडले, 2019 मध्ये कॉस्मिक-2 चे आणखी सहा. हे दुसरे सहा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्यावरच फिरतात, म्हणजे आपला भाग त्यांच्या अगदी माऱ्यात येतो. आपल्या इस्रोनेही ओशनसॅट-2 (2009) आणि मेघा-ट्रॉपिक्स (2011) वर इटलीचं रोसा नावाचं असंच यंत्र नेलं होतं.

चर्चा होऊ द्या. गणित कुणाला हवं असेल तर पुढच्या प्रतिसादात.

पुसदची_लेक

छान धागा. मी पुण्यात हवामानशास्त्रच शिकते, त्यामुळे राहवत नाही.

हवामान बदलासाठी ही पद्धत का धरतात ते सर्वात महत्त्वाचं, आणि तेच राहून गेलंय. इथे मोजलं जातं ते वेळ. वेळ मोजणारं घड्याळ अणुघड्याळाशी बांधलेलं असतं. तापमानाचा सेन्सर जुना होतो, त्यावर धूळ बसते, बदलला की आधीच्या नोंदीशी जुळत नाही. 2006 चा उपग्रह आणि 2019 चा उपग्रह यांचे आकडे मात्र फारशी ओढाताण न करता एका ओळीत ठेवता येतात. दहा वर्षांत पन्नास मीटरचा फरक शोधायचा असेल तर हेच लागतं.

2024 च्या मे महिन्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते, आठवतंय का? देशभर बातमी झाली, नंतर सेन्सर बिघडल्याचं निघालं. 56 होते म्हणून पकडलं गेलं. तोच सेन्सर अर्धा अंश जास्त दाखवत राहिला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, आणि हवामान बदलाचा सगळा हिशेब त्या अर्ध्या अंशाचाच असतो.

शंकेखोर

माहितीपूर्ण. पण मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. सरकतंय का वर? हो की नाही? उन्हाळे आधीही कडकच होते. माझे आजोबा सांगायचे, मृग लागेपर्यंत ढोरं सावलीतून उठत नसत.

वर्धाकाठ

शंकेखोर, वरची सीमा: हो. उत्तर गोलार्धात 20 ते 80 अक्षांशांच्या पट्ट्यासाठी बलून आणि रेडिओ ऑकल्टेशन दोन्ही वापरून केलेला एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. 1980 पासूनच्या नोंदीत तपस्तब्धी दर दशकाला 50 ते 60 मीटर वर गेलेली दिसते. वर्धा 20.7 अंशांवर आहे, म्हणजे आपण त्या पट्ट्याच्या दाराशीच बसलोय.

कारण सरळ आहे. खालची हवा तापून फुगते. वर स्थितांबरात उलट हवा गार होते, कारण तिथे कार्बन डायऑक्साइड उष्णता अवकाशात सोडून देतो, शिवाय ओझोनही घटला होता. खालून रेटा आणि वरून माघार, म्हणून सीमा वर. सूर्यच जास्त तापला असता तर खालचा आणि वरचा दोन्ही थर तापले असते. तसं झालेलं नाही. 'आधीही उन्हाळे होते' याला हे उत्तर मला सगळ्यात पक्कं वाटतं, कारण यात आजोबांच्या आठवणीवर काहीच अवलंबून नाही, तुमच्याही आणि माझ्याही.

खालच्या सीमेचं मात्र 'हो' म्हणून मोकळं होता येत नाही. त्यावर सविस्तर लिहितो, आत्ता तास आहे.

वावरवाला

सर, लय चांगलं लिवलं. पन मले एक सांगा, हे सोळा किलोमीटरवरचं पन्नास मीटर वर गेलं तं आमच्या पऱ्हाटीले काय फरक पडते? मी आपला खारपाणपट्ट्यातला मानूस. आमाले वरचं आभाळ कधी कळलंच नाई, खालचंच पुरून उरते.

संत्राबाग

वावरवालांशी सहमत. वरुड-मोर्शी पट्ट्यात आम्हाला बोअर किती खोल गेलं ते कळतं, हवा किती उंच गेली ते कोण सांगणार?

(प्रश्न खवचट वाटला तरी खरा आहे, राग नसावा.)

पुसदची_लेक

राग कशाला, काका. खालच्या थराचा तर सगळ्यात जास्त संबंध शेतीशीच आहे.

एक साधा हिशेब. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते) यांतला फरक घ्या, 125 ने गुणा. साधारण तितक्या मीटरवर ढगाचा पाया येतो. मे महिन्यात अकोल्याला 44 अंश आणि दवबिंदू 12 धरला तर फरक 32, म्हणजे पाया 4,000 मीटरवर. जूनच्या शेवटी 32 अंश आणि दवबिंदू 24 असेल तर पाया 1,000 मीटरवर. म्हणून मेमधला ढग गडगडतो, खाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, आणि थेंब जमिनीवर येत नाही. चार किलोमीटर कोरड्या हवेतून पडता पडता पाऊस वाळून जातो. त्या वाळण्याने हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली आदळते. वळवाच्या आधी जे धुळीचं वारं टिनाची छपरं उडवून नेतं ते बऱ्याचदा हेच.

तेव्हा खालचा थर उन्हाळ्यात अजून खोल होत गेला तर 'आभाळ येतं पण पडत नाही' हे जास्त वेळा घडणार का, हा शेतकऱ्याचाच प्रश्न आहे.

वावरवाला

हे बराबर सांगतलं ताई. आमी त्याले म्हन्तो पानी वरच्यावर पेलं. टिनं उडाले तं गेल्या सालीच उडाले, ते उचलाले धुऱ्यापलीकडं जा लागलं.

परतवाडा_एसटी

निवृत्त माणूस, वेळ भरपूर. शास्त्र मला कळत नाही, पण थंडीत पहाटे चिखलदऱ्याला जाऊन बघा. साधारण अकराशे मीटर उंच. उजाडताना खाली परतवाड्याच्या अंगाला धुराळ्याची करडी पट्टी दिसते, आणि तिची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. कडेच्या वर आभाळ लख्ख. नऊ वाजले की कड मळायला लागते, अकरापर्यंत धुराळा आपल्या पायाशी येतो आणि खालचं काही धड दिसेनासं होतं. तुम्ही ज्याला थर म्हणता तो हाच काय?

वर्धाकाठ

हाच, काका. पहाटे तुम्ही थराच्या वर उभे असता आणि दुपारी थराच्या आत. लेसरचा उपग्रह नेमकी हीच करडी पट्टी बघतो. 2006 ते 2023 कॅलिप्सो नावाचा उपग्रह हिरव्या लेसरचा झोत खाली टाकून धूळ कुठपर्यंत आहे ते मोजत होता. 2024 मध्ये युरोप आणि जपानचा अर्थकेअर गेला, त्याच्यावरही लेसर आहे. पण झोत शंभर मीटरच्या आतबाहेर रुंद, आणि कॅलिप्सो दुपारी दीडच्या सुमारास जायचा, तेव्हा थर अजून चढतच असतो. दाट ढगाखालचं तर दिसतच नाही.

आपल्या इन्सॅट-3डीआर आणि 2024 मध्ये गेलेल्या 3डीएस या उपग्रहांवर साउंडर, म्हणजे वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान आणि ओलावा मोजणारी यंत्रं आहेत. ते भारतावर सतत नजर ठेवून असतात, हा मोठा फायदा. पण त्यांना हवा जाड जाड पट्ट्यांत दिसते, बारीक कड पुसली जाते.

आता राहिलेलं उत्तर, खालची सीमा वर चालली आहे का. युरोपात 1973 ते 2010 च्या बलून नोंदींत दिवसाची उंची बहुतेक ठिकाणी वाढलेली आढळली. तर्क असा की तापमान वाढलं, माती कोरडी झाली, मग उन्हाची ऊर्जा पाणी वाळवण्यात न जाता हवा तापवण्यात गेली, म्हणून थर उंच. हाच तर्क पश्चिम विदर्भाच्या एप्रिल-मेला तंतोतंत लागू व्हावा असं वाटतं. कापूस निघालेला, वावर नांगरून उघडं, भेगाळलेली काळी जमीन.

पण भारतात उलट दिशेने ओढणारी दोन कारणं आहेत. एक धुरकं. ते ऊन अडवतं, जमीन कमी तापते, थर बुटका राहतो. दुसरं सिंचन. पाणी दिलेल्या जमिनीवर ऊन पाणी वाळवण्यात खर्च होतं. भंडारा-गोंदियाचा उन्हाळी धान आणि बुलडाण्याचं उघडं वावर एकाच दुपारी अगदी वेगळे थर उभे करतात.

आणि इथेच रेडिओ ऑकल्टेशन तोकडं पडतं. लहर आडवी येते, त्यामुळे एका मापात दोनशे किलोमीटरची हवा सरमिसळ होते. म्हणजे अमरावतीपासून भंडाऱ्यापर्यंत सगळं एकाच आकड्यात. उभ्या दिशेने शंभर-दोनशे मीटरची बारकाई आणि आडव्या दिशेने हा पसारा. पावसाळ्यात ओल्या हवेत खालच्या एक-दोन किलोमीटरमध्ये लहर इतकी वाकते की सिग्नल हरवतो किंवा आकडा कमी लागतो. तेव्हा वरची सीमा उपग्रहाने पक्की पकडली आहे, पण आपल्या गावावरच्या खालच्या सीमेबद्दल 'उपग्रहाने सिद्ध केलं' असं कुणी छातीठोक सांगितलं तर मी तरी हात आखडता घेईन.

शंकेखोर

म्हणजे शेवटी 'माहीत नाही' ना? इतकं पाल्हाळ कशाला मग.

पुसदची_लेक

दादा, दिशा माहीत आहे, ओढाताण कशा-कशाची आहे तेही माहीत आहे. एका तालुक्याचा आकडा एकट्या उपग्रहाकडून मागू नका, इतकंच. म्हणून तर जमिनीवरची केंद्रं लागतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात सिलखेड्याला मान्सूनच्या गाभ्याच्या पट्ट्यासाठी मोठं निरीक्षण केंद्र उभारलंय, राडार, उंच मनोरा, बलून सगळं एका जागी. माती आपल्यासारखीच काळी. तिथला आकडा आणि उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवले की उपग्रह कुठे चुकतो ते कळत जाईल.

राखेचं_गाव

उशिरा आलो. आमचं गाव औष्णिक वीजकेंद्रापासून जवळ, कुठलं ते सोडा, विदर्भात केंद्रांना काय तोटा. थंडीत रात्रभर वास येत नाही, खिडकी उघडी ठेवून झोपता येतं. आणि सकाळी नऊच्या सुमारास, पोरं शाळेत निघाली की घसा खवखवायला लागतो. तुळशीच्या पानावर बोट फिरवलं की करडं होतं. रात्री चिमण्या बंद असतात म्हणावं तर तसंही नाही. हे तुमच्या थराचंच प्रकरण आहे का?

पुसदची_लेक

बहुतेक हो, आणि याला नावही आहे, फ्युमिगेशन. 500 मेगावॅटच्या संचाला 275 मीटर उंच चिमणी हा आपल्याकडचा जुना नियम. थंडीच्या रात्री जमिनीलगतचा गार थर त्याहून बुटका असतो. धूर त्याच्या वर सुटतो आणि तिथेच आडवा पसरून राहतो, खाली येत नाही. सकाळी ऊन लागलं की घुसळण खालून वर चढते, नऊ-दहाला धुराच्या उंचीला पोचते, आणि रात्रभर साठलेलं सगळं एका तासात खाली ओढते. अकरानंतर थर आणखी उंच झाला की धूर पातळ होतो.

तक्रार करायची तर वेळ लिहून ठेवा, दादा. चोवीस तासांच्या सरासरीत तो एक तास बुडून जातो.

राखेचं_गाव

सरासरीचं अगदी बरोबर बोललात. प्रत्येक वेळी तेच ऐकवतात. लिहून ठेवतो.

संत्राबाग

आता खरंच उपयोगाचं निघायला लागलं. मग फवारणीचं काय? आम्ही वारं नको म्हणून भल्या पहाटे किंवा दिवस मावळताना मारतो.

वर्धाकाठ

पूर्ण शांत पहाट आणि दिवस मावळल्यानंतरची वेळ, दोन्ही वाईट. जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार, याला इन्व्हर्जन म्हणतात. बारीक तुषार विरत नाहीत, तरंगत राहतात, आणि हळूच शेजारच्या वावरात किंवा फवारणाऱ्याच्याच नाकात जातात. ओळखायला उपग्रह नको. धुऱ्यावर चार तुराट्या पेटवा. धूर सरळ वर जाऊन विरला तर ठीक. कमरेइतका वर जाऊन आडवा पसरला तर पंप खाली ठेवा. सूर्य उगवून तास-दीड तास झाला, पानं किंचित हलायला लागली, की सुरू करा. भर दुपारी नको, थेंब वाळतात आणि माणूसही.

2017 मध्ये यवतमाळला फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, त्यात औषधांची मिश्रणं, डोक्याइतकी वाढलेली पऱ्हाटी, अंगावर काही संरक्षण नसणं अशी कारणं पुढे आली होती. तो दोष मी हवेवर ढकलत नाही. पण डोक्याइतक्या पऱ्हाटीत, बंद हवेत, तोंडाला फडकंही न बांधता फवारणं म्हणजे सगळे धोके एकाच वेळी घेणं.

वावरवाला

तुराट्याचं आमचा बुडा करे. आमी म्हनो बुड्याले बिडी पेटवाले इस्तो पायजे म्हनून करते.

परतवाडा_एसटी

😀 बुडा हुशार.

हे उंचीचे आकडे सामान्य माणसाला कुठे बघायला मिळतात का? नातू कॉम्प्युटर शिकतो, त्याला कामाला लावतो.

पुसदची_लेक

काका, कॉस्मिकचे आकडे फुकट आहेत, पण नवख्याने एकदम तिथे जाऊ नये, फाइली किचकट असतात. युरोपच्या केंद्राचा ईआरए5 नावाचा साठा आहे. बलून, उपग्रह, जमिनीवरची केंद्रं सगळं हवामानाच्या संगणकी मॉडेलमध्ये घालून 1940 पासून तासातासाची हवा पुन्हा उभी केलेली, सुमारे 31 किलोमीटरच्या चौकटीत. त्यात बाउंड्री लेयरची उंची थेट मिळते, खातं फुकट उघडता येतं. नातवाला सांगा, परतवाड्याची चौकट घे, एप्रिल-मे, दुपारी तीनची वेळ. साठ्यातली वेळ ग्रिनिचची असते, तेव्हा साडेपाच तास वजा करायचे, म्हणजे साडेनऊ. आकडे पूर्ण तासाचेच असतात म्हणून नऊचा किंवा दहाचा घ्यायचा.

आणि दोन गोष्टी. 1979 च्या आधीच्या आकड्यांवर फार भिस्त नको, तेव्हा उपग्रहांचा माल जवळजवळ नव्हताच. दुसरं, ईआरए5 ची उंची जमिनीपासून असते आणि रेडिओ ऑकल्टेशनची समुद्रसपाटीपासून. नागपूरच समुद्रसपाटीपासून 310 मीटरवर आहे. ते वजा न करता दोन आलेख एकमेकांवर ठेवले की थर तीनशे मीटरने 'वाढलेला' दिसतो, आणि मग कुणीतरी पुन्हा 'आकाश सरकलं' म्हणून धागा काढतो.

शंकेखोर

तो धागा काढणारा मीच असेन 😀 नातवाचा आलेख आला की इथेच टाका काका. शेजारी बुलडाण्याची आणि गोंदियाची चौकटही घ्या. सिंचनाचं जे म्हणताय ते खरं असेल तर दोन्हींत फरक दिसायला हवा.

परतवाडा_एसटी

त्याची परीक्षा आहे. संपली की बसवतो.